दुसऱ्याचं लिव्हर आपल्या माणसापर्यंत धड पोचतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या ताईला पुण्यात लिव्हर मिळालं तेव्हापासून नाशिकमधले, दिंडोरी-निफाडकडचे लोक फोन करतात, कुणाचं नाव वेटिंग लिस्टला लागलेलं असतं, कुणी भावाला लिव्हर द्यायला निघालेलं असतं, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करतो, पण त्या दिवसांत आणि नंतरही डॉक्टरांना इतकं विचारलं आणि इतकं वाचलं की निदान कुठली गोष्ट कशामुळे होते ते समजायला लागलं. तुमच्या पेशंटचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच, हे आधीच सांगतो.

लिव्हर शरीरातून काढलं की लगेच खराब व्हायला लागतं का?

हो, रक्त थांबलं त्या मिनिटापासून. रक्त थांबलं म्हणजे ऑक्सिजन थांबला, आणि पेशी ज्याच्यावर चालते ते एटीपी नावाचं इंधन भराभर संपायला लागतं. पेशीच्या भिंतीत छोटे पंप असतात, ते सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवतात, इंधन नाही म्हटल्यावर ते बंद पडतात, मग सोडियम आत शिरतं, त्याच्यामागे पाणी शिरतं आणि पेशी फुगते, कॅल्शियमही आत घुसतं आणि आतली तोडफोड करणारी एन्झाइम जागी होतात. आमच्या लाइनमधल्या माणसाला हे पटकन कळतं, कारण घड वेलीवरून तोडला तरी द्राक्षाचा श्वास चालूच असतो, वरून रसद बंद आणि आतला खर्च चालू. म्हणून तर आपण पहाटे तोडतो आणि ऊन चढायच्या आत माल प्री-कूलिंगला लावतो.

मग बर्फात ठेवलं की झालं ना?

बर्फाने खर्च कमी होतो, बंद होत नाही. साधारण ४ अंशाला लिव्हरचा कारभार दहा टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे नुकसान हळू होतं पण होत राहतं. ऑपरेशन थिएटरमध्येच, डोनरच्या मुख्य धमनीत नळी घालून थंड द्राव सोडतात, आतलं सगळं रक्त धुऊन काढतात आणि पोटात भोवताली निर्जंतुक बर्फाचा चुरा टाकतात. आतून-बाहेरून एकदमच गार. नुसतं बाहेरून बर्फ लावून दीड किलोचा अवयव आतपर्यंत वेळेत गार होत नाही, मोठ्या क्रेटमधला मधला घड गरमच राहतो तसं.

आणि लिव्हर थेट बर्फाला लागू देत नाहीत बरं का. द्रावासकट एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांमध्ये घालून मग बर्फाच्या पेटीत ठेवतात. गोठलं तर पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते, मग ते लिव्हर गेलंच.

त्या पिशवीत पाणी असतं की सलाईन?

दोन्ही नाही. एक द्राव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी तयार केला, त्याला यूडब्ल्यू म्हणतात, १९८७ पासून तो लिव्हरसाठी वापरात आला आणि त्याने ट्रान्सप्लांटचं चित्र बदललं. त्याआधी सहा-आठ तासांत सगळं उरकावं लागायचं. त्यात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज असतं, ही मोठी रेणूंची मंडळी पेशीत शिरत नाहीत आणि पाणी बाहेर धरून ठेवतात, म्हणजे पेशी फुगत नाही. शिवाय पेशीला सांभाळायला ग्लुटाथायोन, अ‍ॅलोप्युरिनॉल, अ‍ॅडेनोसिन असतं. पोटॅशियम मुद्दाम खूप ठेवलेलं असतं, पेशीच्या आत असतं तसं.

दुसरा द्राव एचटीके, तो मूळ हृदयाच्या ऑपरेशनसाठी जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी बनवलेला. हा पातळ असतो, लवकर पसरतो. कुठला वापरायचा हे सेंटरच्या सवयीवर आणि केसवर असतं, त्यावरून भांडू नका.

नाशिकहून पुण्याला जाईपर्यंत टिकतं का?

टिकतं. लिव्हर साधारण आठ तासांच्या आत लावायचा प्रयत्न असतो, बारा तासांच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत. हृदयाला चार-सहाच तास मिळतात, किडनीला दिवसभर किंवा त्याहून जास्त. नाशिक-पुणे अंतर २१० किलोमीटरच्या आसपास, पण आपल्याला तो रस्ता माहितीये, सिन्नर-संगमनेर सुटलं तरी नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकणला अडकलो की पाच तास सहज जातात. म्हणून पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात, एकेक चौक मोकळा ठेवतात. ॲम्ब्युलन्स दिसली की बाजूला व्हा असं मी प्रत्येकाला सांगतो, त्यात पेशंटच असेल असं नाही, पेटीसुद्धा असू शकते.

पण वेळेचा हिशोब फक्त रस्त्याचा नसतो, आणि हे बरेच जण विसरतात. डोनरच्या शरीरात क्लॅम्प, म्हणजे रक्त बंद करणारा चिमटा, लावला तिथून घड्याळ सुरू होतं, मग लिव्हर बाहेर काढणं, टेबलावर साफ करून शिरा नीट करणं, प्रवास, आणि तिकडे तुमच्या पेशंटचं जुनं लिव्हर काढणं. पेशंटचं आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आत सगळं चिकटलेलं असतं आणि जुनं लिव्हर काढायलाच तासन् तास लागतात, म्हणून नवं लिव्हर निघायच्या आधीच तिकडे पेशंटला आत घेतात. आम्हाला रात्री फोन आला तेव्हा 'लिव्हर अजून तिकडे आहे, मग आत्ताच घाई कशाला' असं मी म्हणालो होतो. घाई ह्याच्यासाठी असते. फोन आला की निघायचं, जेवण, आंघोळ, मुहूर्त काही बघायचं नाही.

नवं लिव्हर बर्फातून काढून पोटात ठेवतात आणि शिरा शिवतात तो अर्धा-पाऊण तास, कधी तासभर, सगळ्यात महाग असतो, कारण लिव्हर गरम व्हायला लागलेलं असतं आणि रक्त अजून आलेलं नसतं. खर्च वाढला, रसद शून्य. तिथे सर्जनचा हात किती सराईत आहे त्याला किंमत आहे.

रक्त परत सुरू झालं की धोका संपला ना?

हाच प्रश्न मी ताईच्या डॉक्टर मॅडमना विचारला होता आणि त्या म्हणाल्या, 'नाही हो, खरं नुकसान तेव्हाच होतं.' मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं, ज्याची वाट बघतोय तो ऑक्सिजन आला तर नुकसान कसं?

होतं असं. ऑक्सिजन नसताना पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे जिथे ऊर्जा तयार होते तिथे, सक्सिनेट नावाचा पदार्थ साठत जातो. रक्त आलं, ऑक्सिजन आला की हा साठा एकदम जळतो आणि त्यातून ऑक्सिजनचे अतिशय चावरे रेणू बाहेर पडतात, ते पेशीची भिंत, मायटोकॉन्ड्रिया, समोर येईल ते जाळत सुटतात. बरेच दिवस बंद पडलेल्या भट्टीत आतमध्ये गॅस साठलेला असावा आणि कुणीतरी काडी लावावी, तसं. मग दुसरा फेरा सुरू होतो. लिव्हरमध्ये कुफर पेशी नावाचे स्वतःचे पहारेकरी असतात, त्यांना वाटतं हल्ला झाला, ते रसायनं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात, त्या येतात आणि सुजेत भर घालतात. लिव्हरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर थंडीत सगळ्यात जास्त सोसतं, मुख्य लिव्हर पेशींपेक्षाही जास्त, त्यामुळे ते अस्तर सुजलेलं असतं, त्याला प्लेटलेट चिकटतात आणि मोठी शीर उघडी असूनही आत रक्त नीट फिरत नाही. पहिला फेरा काही तासांचा, दुसरा दिवस-दोन दिवस चालतो. ह्या सगळ्याला इस्केमिया-रिपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात, थोडीफार प्रत्येक ट्रान्सप्लांटमध्ये होतेच. द्राक्षाची उपमा इथे संपते, कारण कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या मालाला घाम येतो तेवढंच, तो स्वतःवर उलटत नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम पण इथेच दिसतं. लिव्हरमधला तो पोटॅशियमवाला द्राव तसाच रक्तात गेला तर हृदय थांबू शकतं, म्हणून शिरा सोडायच्या आधी लिव्हर धुऊन घेतात. तरीही सोडल्या सोडल्या पेशंटचं बीपी एकदम कोसळू शकतं, पाच मिनिटांच्या आत तीस टक्क्यांहून जास्त पडलं आणि निदान मिनिटभर तसंच राहिलं तर त्याला वेगळं नावच आहे, पोस्ट-रिपर्फ्युजन सिंड्रोम. त्यासाठी औषधं आधीच भरून हातात तयार असतात. सर्जनचं नाव सगळे विचारतात, भूल कोण देणार हे कुणी विचारत नाही, ते पण विचारा.

ऑपरेशननंतर एसजीओटी हजारांत आलंय, लिव्हर गेलं का?

एसजीओटी म्हणजे रक्तात तपासतात ते लिव्हरचं एक एन्झाइम. ताईचं दुसऱ्या दिवशी ३१०० होतं. मी रिपोर्ट बघून कॉरिडॉरमध्येच खाली बसलो, भाऊजींना सांगायचं कसं तेच सुचेना, कारण तिच्या जुन्या खराब लिव्हरचंसुद्धा कधी दोनशेच्या वर गेलं नव्हतं. नंतर कळलं की ह्या एन्झाइम पेशीच्या आत असतात, वर सांगितलेल्या त्या नुकसानात पेशी फुटल्या की रक्तात येतात, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत आकडा वर जाऊन मग उतरायला लागणं हे अपेक्षितच असतं. ताईचा चौथ्या दिवशी हजाराच्या आत आला.

एका आकड्यावरून काही ठरवू नका, आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघा. डॉक्टर बरोबरीने लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साठणारं आम्ल, चालतं लिव्हर ते संपवतं) उतरतंय का, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) सुधारतंय का, पेशंट जागा होऊन ओळखतोय का, पित्त तयार होतंय का हे बघतात. सातव्या दिवशी बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १० किंवा वर, किंवा आयएनआर १.६ किंवा वर, किंवा पहिल्या आठवड्यात एन्झाइम २००० च्या वर, ह्यातलं काही असेल तर लिव्हर सुरुवातीला अडखळतंय असं धरतात. ह्या हिशोबाने ताईचं लिव्हरही अडखळलेलंच होतं, आणि तरी ते सावरलं, बरीचशी सावरतात. अगदी थोड्यांत नवं लिव्हर कामच सुरू करत नाही आणि तातडीने दुसरं शोधावं लागतं, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, ही शक्यता ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. सुरुवातीच्या दिवसांत डॉपलर सोनोग्राफी सारखी करतात ती धमनीत गुठळी नाही ना हे बघायला, त्याला कंटाळू नका.

दोन-तीन महिन्यांनी परत कावीळ झाली, हे कशामुळे?

कारणं बरीच असतात, रिजेक्शन म्हणजे शरीराने नवं लिव्हर परकं समजून नाकारणं, इन्फेक्शन, जोडाजवळ अरुंद झालेली पित्ताची नळी. पण एक कारण थेट ह्या विषयातलं आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, आणि बाकीचं धमनीतून. पित्तनलिकांना मात्र मुख्यतः धमनीचाच आधार. त्यामुळे रक्ताविना गेलेला वेळ पित्तनलिका सगळ्यात वाईट सोसतात, आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी, महिन्यांनी नळ्या जागोजागी अरुंद होऊन दिसतो. अंगाला खाज, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, ह्यातलं काही दिसलं की घरच्या घरी काविळीचं औषध न देता त्याच दिवशी ट्रान्सप्लांट सेंटरला फोन.

डोनरचं लिव्हर फॅटी आहे म्हणून नाकारलं, हे बरोबर आहे का?

बहुतेक वेळा बरोबरच असतं. चरबीचे मोठे थेंब असलेल्या पेशी फुगलेल्या असतात, त्यांनी बारीक रक्तवाहिन्या दाबलेल्या असतात, गार केल्यावर चरबी घट्ट होते आणि रक्त परत सोडलं की ती चरबी त्या चावऱ्या रेणूंना आयतं जळण म्हणून मिळते. तीस टक्क्यांपर्यंत मोठ्या थेंबांची चरबी चालते, त्याच्या पुढे बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात, साठच्या वर सहसा घेत नाहीत. शंका असेल तर तिथल्या तिथे छोटा तुकडा तपासतात. इतक्या वाट बघण्यानंतर नकार ऐकणं फार जड जातं, आमच्या बाबतीत पहिला कॉल असाच गेला, रात्री निघून सिन्नरपर्यंत पोचलो होतो आणि तिथून परत फिरलो. पण ते लिव्हर घेतलं असतं तर ताई आज नसती असं मला मनापासून वाटतं.

घरातलाच माणूस लिव्हर देतोय, मग हे सगळं लागू होतं का?

होतं, पण कमी. दोन थिएटर शेजारी असतात, त्यामुळे बर्फातला वेळ खूप थोडा. आपल्या देशात बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट असेच होतात. इथे अडचण वेगळी असते, लिव्हर अर्धंच मिळतं आणि पोर्टल व्हेनचं सगळं रक्त त्या लहान तुकड्यावर कोसळतं, त्या दाबानेही बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर फाटतं. म्हणून तुकड्याचं वजन पेशंटच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी हवं असं धरतात आणि डोनरकडे त्याच्या लिव्हरचा तीस-पस्तीस टक्के भाग तरी उरायला हवा. दाब जास्त वाटला तर सर्जन तो कमी करायचे उपाय करतात.

डोनरने ऑपरेशनच्या आधी काय करावं हे फार विचारतात. फॅटी लिव्हर निघालं तर डॉक्टर बऱ्याचदा काही आठवडे देतात, तेवढ्यात खाणं आवरून, रोज चालून वजन उतरवलं तर चरबी खरंच कमी होते आणि आधी नाकारलेला डोनर पास होतो. गंगापूर रोडचा एक मुलगा वडिलांसाठी रोज पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येत होता, वडापाव-मिसळ सगळं सोडलं, दारूला तर हातच नाही, आणि दुसऱ्या स्कॅनला पास झाला. उपाशी राहून मात्र करू नका, आहारतज्ज्ञांना विचारून करा.

मशीनमध्ये लिव्हर जिवंत ठेवतात म्हणे, ते काय आहे?

दोन प्रकार आहेत. एक गार मशीन, साधारण दहा अंशाच्या आसपास ऑक्सिजन भरलेला द्राव लिव्हरमधून तास-दोन तास फिरवतात. त्याने साठलेलं सक्सिनेट हळूहळू वापरलं जातं आणि एटीपी परत भरतं, मग रक्त आल्यावर भडका कमी होतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली चाचणी २०२१ मध्ये छापून आली, हृदय थांबल्यावर घेतलेली लिव्हर त्यात होती, आणि पित्तनलिका अरुंद होण्याचा त्रास साध्या बर्फातल्या १८ टक्क्यांवरून मशीनमुळे ६ टक्क्यांवर आला.

दुसरं गरम मशीन, ३७ अंशाला, रक्तासकट. लिव्हर मशीनवर पित्त तयार करतं, लॅक्टेट खातं, म्हणजे लावायच्या आधीच कळतं की हे चालणार का नाही. युरोपात २०१८ मध्ये २२० ट्रान्सप्लांटची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात गरम मशीनवर नुकसानीची खूण निम्म्यावर आली आणि फेकून द्यावी लागणारी लिव्हरही निम्मी झाली, शिवाय ठेवण्याचा वेळ जास्त असूनही. झुरिकमध्ये तर २०२१ मध्ये एक लिव्हर तीन दिवस मशीनवर ठेवून मग लावलं आणि तो पेशंट बरा झाला.

भारतात मोजक्या सेंटरमध्ये ही मशीनं आलीत, एका लिव्हरमागचा खर्च बराच आहे. मशीन नाही म्हणून सेंटर वाईट असं समजू नका, चांगलं लिव्हर, कमी वेळ आणि सराईत टीम असेल तर बर्फाची पेटी आजही उत्तम काम करते. लिव्हर काठावरचं असेल तिथे मशीनचा खरा उपयोग.

नुकसान होऊ नये म्हणून एखादं औषध, काढा, अँटिऑक्सिडंट गोळी?

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध वापरून बघितलंय, क्लॅम्प थोडा वेळ लावून सोडून लिव्हरला आधी 'सवय' लावायचा प्रयोगही झालाय, निकाल कधी बरे कधी नाही, त्यामुळे सगळीकडे रुळलेलं असं एकही औषध नाही. काढे तर अजिबात नकोत. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि आपल्याकडे प्रत्येक घरात कुणी ना कुणी काका गुळवेल घेऊन येतातच. प्रेमाने आणतात, प्रेमानेच नाही म्हणा.

ब्रेन डेड झाल्यावर एवढे तास व्हेंटिलेटरवर का ठेवतात?

हा प्रश्न डोनरच्या घरच्यांचा असतो आणि त्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. कायद्याने चार डॉक्टरांच्या पॅनेलने तपासणी करायची असते, आणि ती दोनदा, मध्ये निदान सहा तास ठेवून. माणूस गेलेला असतो, पण अवयवांना रक्त मिळत राहावं म्हणून आयसीयू चालू असतं. मेंदू गेला की बीपी पडतं, लघवी भसाभस होते, रक्तातलं सोडियम चढतं, आणि सोडियम १५५ च्या वर राहिलं तर लिव्हरच्या पेशी आधीच बिघडतात, मग गार द्राव काय करणार. म्हणून त्या रात्री आयसीयूतल्या सिस्टर तासातासाला बीपी, लघवी, सोडियम बघत असतात, औषधं बदलत असतात. लिव्हर वाचवायचं काम तिथे सुरू होतं. ताईचं लिव्हर कुणाचं होतं हे आम्हाला माहिती नाही आणि माहिती होणारही नाही, पण त्या घरच्यांनी आणि त्या सिस्टरांनी ती रात्र कशी काढली असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

नाशिकमधून दान करायचं असेल तर काय करायचं?

नाशिक अवयव वाटपासाठी पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागातलं अवयव वाटप बघणाऱ्या समितीकडे, येतं. आयसीयूत डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं तर तिथल्या कोऑर्डिनेटरला 'आम्हाला दान करायचंय' एवढं वाक्य बोलायचं, पुढचं ते करतात. हॉस्पिटल ट्रान्सप्लांट करणारं नसलं तरी अवयव काढायची परवानगी असू शकते, टीम तिकडे येते. दानाचा खर्च घरच्यांवर येत नाही, शरीर नीट शिवून सन्मानाने परत देतात. नोटो ही अवयवदानाची देशपातळीवरची सरकारी संस्था, तिचा टोल-फ्री नंबर १८०० ११ ४७७०, ऑनलाइन नोंदणीही होते. पण कार्ड पाकिटात असलं तरी शेवटी सही घरचे करतात, म्हणून घरात बोलून ठेवा. मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, काही बोलली नाही, दोन दिवसांनी म्हणाली, 'माझंही नाव टाक.'